कोरडी, मोठी नदी

सापोरोत मी एकवीस दिवस राहिले.
कंपनीनं पाठवलं होतं, नवीन फिल्टर शिकायला.
वाळूजहून दोघंच, मी आणि सुरडकर.
त्याला तिसऱ्याच दिवशी भाकरीनं पछाडलं,
मला रस्त्यांनी.

सरळ रस्ते. मोडी नव्हे, बालबोध.
पत्ता म्हणजे आकडे : उत्तर सात, पश्चिम चार.
अमक्याच्या पानटपरीसमोर, तमक्याच्या बोळात
असं काही विचारायची सोयच नाही.
चुकायचं म्हटलं तरी चुकता येईना मला,
जी लग्न होऊन आल्यावर
गुलमंडीच्या मागं वर्षभर चुकत होते.

दीडशे वर्षांचं शहर, म्हणे जुनं.
आपल्याकडं एवढ्या वयाची
एखादी पायरी असते. तिच्यावर चपला काढतात.

मोरितानी आमचे गुरुजी,
चाळीस वर्षं भट्टीवर काढलेले.
नुसता फेस बघून पाण्याची जात सांगायचे.
मी विचारलं, सापोरो म्हणजे काय?
म्हणाले, कोरडी, मोठी नदी. असं म्हणतात.
मला हसू आलं. खिडकीबाहेर कमरेइतका बर्फ.
पण शब्द आमचा नाही, ते म्हणाले,
आमच्या आधी इथं ऐनू होते, त्यांचा.
मग ते कुठं आहेत?
ते बराच वेळ एकच ग्लास पुसत राहिले.
म्हणाले, शब्द आहे.

रात्री ट्रक भरभरून
रस्त्यावरचा बर्फ गावाबाहेर नेऊन टाकतात.
आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, टँकर उलटे चालतेत का गं तिकडं?

तिथल्या एका भिंतीवर फोटो होता,
एकोणीसशे बहात्तर, हिवाळी ऑलिम्पिक.
बहात्तर. आमच्या घरी ही तारीख नाही, मोजमाप आहे.
आई त्या सालावरून सगळ्यांची वयं काढते :
लासूरच्या कामावर खडी फोडत होते,
थोरला पोटात होता, सुकडीच्या रांगेत दोनदा चक्कर आली.
फोटोत एक पोरगा टेकडीवरून उडालेला,
हात मागं, अंग पुढं,
खाली जमीन असेलच याची खात्री नसल्यासारखा.
मला त्याचा राग यायला हवा होता.
आला नाही. विशीचाच असेल.
तेव्हा आईसुद्धा विशीची.

एक बाटली बिअर काढायला
चार-पाच बाटल्या पाणी जातं,
हे मी सासरी अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर तजम्मुलभाईंना सगळं सांगितलं.
आमचे फिटर. पाइपला कान लावून गळती सांगतात.
त्यांचे आजोबा नहरीच्या बंबात उतरायचे,
चारशे वर्षांची खापराची नळी, हातानं गाळ काढायचे.
वर दुष्काळ असो नसो, खालून पाणी चालू.
त्यांनी बर्फाचं काहीच विचारलं नाही.
विचारलं ते नावाचं.
म्हणजे माणसं हटवली, नाव राहू दिलं?
मी हो म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
व्हॉल्व्ह नीट बसला होता,
तरी अर्धा आटा आणखी आवळला.

निघताना मोरितानींना पत्ता लिहून दिला होता.
ते दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतात.
अक्षर येत नाही, म्हणून चित्र काढावं तसा
तो पत्ता उतरवतात. शहराचं जुनंच नाव.
मध्ये इकडं पाट्या बदलल्या, बसच्या, बँकेच्या,
पोराच्या मार्कशीटवरसुद्धा.
कार्ड तरी येतंच.
पोस्टमन खंदारे काही खोडत नाही, देऊन जातो.

यंदाच्या कार्डावर नदी आहे, दोन्ही काठ पांढरे.
खाम नदीच्या पुलावर, शिफ्टची बस यायच्या आधी,
तजम्मुलभाईंनी ते उलटसुलट करून बघितलं.
पुलाखाली गोधड्या वाळत होत्या.
म्हणाले, यात पाणी तर दिसत नाही.
मी म्हणाले, खाली असेल.