अतिरिक्त बावीस

खिडकी क्रमांक तीन, शिष्यवृत्ती विभाग,
अकरा ते दीड. नंतर जेवण, नंतर सर्व्हर डाऊन.
वडाळ्याच्या या कॉलेजात एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या शिक्षणाची बेरीज करतो.

परिपत्रक सोपं आहे:
पदवीला लागतात एकशे वीस श्रेयांक,
शासन भरेल एकशे तीसपर्यंत.
पुढचे ज्याचे त्याने.

भार्गवी तांडेलचे झाले एकशे बावन्न.

बावीस गुणिले सहाशे दहा.
मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला,
अशा वेळी आकडा तोंडानं सांगायला नको वाटतं.

ती म्हणाली, सर, यातले जास्तीचे कुठले?
पहिल्या वर्षाचं रसायन? आम्लाच्या वाफेनं धाप लागायची,
म्हणून भूगोलाला आले. ते चोवीस तसेच पडून.
की मोडी लिपीचे दोन? कीटकांचे सहा?
सांगा, ते परत करते.

आता हिला कसं सांगावं,
संगणक विषय बघत नाही, तारीख बघतो.
आधी आले ते आत, शेवटचे बावीस बाहेर.
शेवटचे बावीस म्हणजे भूरूपशास्त्र, नकाशावाचन,
आणि तो प्रकल्प, ज्यासाठी अकरा आठवडे
ती शिवडीच्या चिखलात काठी रोवून
भरतीची रेघ मोजत उभी होती.
म्हणजे नेमके लागणारेच.
वाट चुकलेले सगळे शासनानं आनंदानं भरले.

श्रेयांक. शब्दात श्रेय आधी येतं, अंक नंतर.
माझ्याकडे फक्त अंकाची खिडकी.

तिची आई भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलते,
किलोमागे पैसे.
बावीस श्रेयांकांची किती कोळंबी होते
हे मी काढलं नाही.
तिनं काढलं असणार.

मी स्वतः बी.कॉम., एकही तास इकडचा तिकडे नाही.
घरी याचं कौतुक होतं.
संध्याकाळी बाजारात मात्र
पाव किलो गवार घेतली की
चार मिरच्या वर घाल, म्हणतो,
आणि ती बाई घालते,
एखादी काडी कोथिंबीरही, न मागता.

सूटअर्जाचा नमुना शोधायला कपाट उघडलं
तर वाळवीनं निम्मी केलेली ती वही खाली आली,
संस्था गिरणीकामगारांची रात्रशाळा होती तेव्हाची.
आमच्यात कुणाला वाचता येत नाही,
पाहणी समिती आली की तेवढी काचेत ठेवतो.

भार्गवीनं खिडकीतून हात आत घातला,
वही स्वतःकडे फिरवली,
बोट ठेवत, अडत, पुन्हा मागे जात वाचलं:
"घास... घासलेट. तीन आणे.
मुले उशिरापर्यंत बसतात सबब
वर अर्धा आणा."

मागून कुणीतरी म्हणालं, आवरा ना लवकर.

तिनं हजार भरले. दहाच्या, वीसच्या नोटा,
रबर लावलेल्या, किंचित ओलसर.
मी पावतीवर लिहिलं:
तेरा हजार चारशे वीसपैकी.
तिनं पावतीची घडी केली, दोनदा,
आणि वही माझ्याकडे सुलटी करून ठेवली,
जणू मला वाचायचीच होती.

दीड वाजून गेला. डबा तसाच.
पोर्टलवर सूटअर्ज उघडला.
कारण, पन्नास अक्षरांत.
मी टाइप केलं, मुलगी उशिरापर्यंत बसते.
तांबडी पट्टी आली:
कृपया यादीतील वैध कारण निवडा.

आजारपण.
नैसर्गिक आपत्ती.
पालकाचा मृत्यू.

वरून खाली दोनदा वाचली यादी.
'इतर' नव्हतं.
सर्व्हर, नवल म्हणजे, आज चालू होता.