सकाळ म्हणजे कधी

डिसेंबरात वारडो बेटावर सूर्य उगवत नाही.
माझं औषधांचं दुकान दहाला उघडतं, अंधारातच,
आणि अंधारातच गुनवोर आत आली,
बाहीला कॉडमाशाचे खवले,
फॅक्टरीतली रात्रपाळी नुकतीच सुटलेली.
खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. भेगांचं मलम घेतलं.
मग, जाता जाता आठवल्यासारखी,
ती चाचणीची पेटी.

तळाची तारीख वाचून दाखवली: मुदत आहे.
म्हटलं, आतलं पाकीट आधीपासून फोडून ठेवू नका.
सकाळची पहिली लघवी हवी.
ती म्हणाली, "सकाळ म्हणजे कधी?"

चोवीस वर्षं हे वाक्य पाठ म्हणते आहे मी.
पहिल्यांदाच अडखळले.
खिडकीबाहेर बंदराचे दिवे.
दहा वाजून वीस मिनिटं, दिवसाची की रात्रीची,
ते एका घड्याळालाच ठाऊक.
"सलग झोप काढून उठाल, ती तुमची सकाळ.
मग चार वाजलेले असोत दुपारचे.
आधी घटाघटा पाणी पिऊ नका.
टोक खाली, पाच सेकंद, मोजून.
मग सपाट जागी आडवी ठेवा,
आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघू नका."
"मग कुठे बघू?"
याचं उत्तर माहितीपत्रकात नाही.

दुसऱ्या दिवशी आली. कागदी रुमालात गुंडाळलेली पट्टी
काउंटरवर हळूच ठेवली,
जणू थंडी वाजेल तिला.
"तिला आडवी ठेवली, मीही आडवी झाले. डोळा लागला.
उठून बघते तर ही दुसरी रेघ."
रेघ होती. राखाडी, पातळ,
काचेवर ओघळ वाळून राहतो तशी.
रंग नव्हता तिला.
दहा मिनिटांनंतरचं वाचायचं नसतं,
हे सांगायचं मीच विसरले होते.

"म्हणजे नाही?"
नाही असं नाही, म्हटलं. आहे असंही नाही.
हिने अजून काही सांगितलेलंच नाही.
दुसरी पेटी दिली. पैसे घेतले नाहीत.
पाळी चुकून किती दिवस, विचारलं;
बोटं मोजताना तिने अंगठा दोनदा मोजला.
"दोन दिवस थांबा. आणि या वेळी गजर लावा."

बाराच्या सुमाराला क्षितिजाशी
थोडा वेळ निळसर काही उजळतं इथे.
पाहुणे विचारतात, हा दिवस का?
आम्ही गावातले त्याला काही म्हणत नाही,
तेवढ्यात पायरीवरचा बर्फ काढून घेतो.

गुनवोर दारात थांबली, पेटी कोटाच्या आतल्या खिशात.
"पाच सेकंद. आडवी. पाच मिनिटं."
"आणि दहाच्या आत," मी म्हटलं.
"आणि दहाच्या आत."
मी फावडं उचललं.