सांधा

गॅरेजला दुसरी पायरी पुरते, मी म्हणालो.
तिथे फावडी टेकणार, बर्फाचे बूट आपटणार.
सांध्यावर पट्टी, स्क्रूंवर एक हात लांबी,
झालं. भिंतीलाही उगाच नटवू नये.

न्हाणीघरात फरश्या येतील, फरशीमागे कोण बघतंय?
तळघराच्या छताला खडबडीत रंग, तिसरी.
निजायच्या खोल्यांना चौथी,
पण रंग बिनचमकीचा घ्या.
चमक चहाडखोर असते.

डेल्फीन गोथिए ऐकत होती,
मान जराशी कलती, रेडिओकडे कलते तशी.

आणि ही तळ्याकडची बैठक. हिला मात्र पाचवी.
सडबरीत जानेवारीचा सूर्य वर चढतच नाही,
बर्फावरून सरपटत येतो
आणि भिंतीला गाल लावून बघतो.
केसाएवढा उंचवटा
दिवसभर सावली धरून बसतो.
म्हणून अख्ख्या भिंतीवर दुधावरच्या सायीएवढा थर,
मग पॉलिश पेपर, मग दिवा आडवा धरून
आपलीच चूक आपण शोधायची.
महाग पडतं ते हे शोधणं.

"आणि बोळ?"

बोळाला खिडकी नाही, बाई.
तिथे पाचवी म्हणजे आंधळ्यापुढे आरसा.

मागे तोइव्होच्या हातून थापी पडली.

ती हसली. बराच वेळ हसली.
"डॉक्टर वर्षभराचं बोलतात.
बैठकीत चौथी चालेल, तिथला उजेड
मी आहे तोवर सावलीसकट बघून घेईन.
पाचवी बोळात द्या.
मी तिथून हाताने जाणार आहे.
आणि हो, न्हाणीघराच्या दाराआधी
एक सांधा राहू द्या. बोटाला कळेल असा."

एकतीस वर्षं सांधे बुजवत आलोय मी.
तीन दिवस बोळात होतो,
शेवटी शेवटी दिवा बंद करून,
तळवा फिरवत, लाकूड तासणाऱ्या माझ्या आजोबासारखा.
तो एक सांधा सगळ्यात जड गेला.
पट्टी बसवली, एक हात दिला,
आणि थापी पुन्हा आपोआप बादलीत.
"रेइयो," तोइव्हो म्हणाला, "पुरे."

रात्री बिल लिहायला बसलो.
बोळ, पाचवी पायरी, अमुक चौरस फूट.
खाली बराच वेळ काहीच नाही. मग:
एक सांधा, मुद्दाम.
त्याला आकार नाही.