खुटा

सावद्याच्या केळी सोसायटीत माझा चौथा दिवस.
इच्छारामअप्पा वारके रिटायर झाले,
मागे एक तांब्या, एक उशी खुर्चीवरची
आणि एक फाइल : ‘रोजची कटाई नवीन खरी’.

रकमेच्या चौकटीवर टिचकी मारली
तर वरच्या पट्टीत डॉलर.
एक नाही, दोन. बीच्या आधी एक, दोनच्या आधी एक.
केळी आपली जातात परदेशी, मान्य,
पण चिनावलच्या पिलबागेला डॉलर कधीपासून?
चूक असेल म्हाताऱ्याची.
पुसले दोन्ही. खाली ओढलं.

पहिले भारंबे. बरोबर.
दुसरे झोपे : शून्य.
तिसऱ्यापुढे कॉम्प्युटरने हातच टेकले.
चौथ्या प्रमिलाताई बोरोले,
त्यांना भाव म्हणून लागला भारंब्यांचा मोबाइल नंबर.
रक्कम चौकटीत मावेना,
नुसतं #######,
बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

बाहेर पावतीसाठी माणसं. आत मी, घाम,
आणि फोनवर अप्पा, मागे ट्रॅक्टर :
“पुसला का तू त्याले? व माय!
तो पैसा नोहे, खुटा आहे.
भाव एकच, वरती बांधेल.
खुटा उपटला का तो चालला
खाली खाली, ज्याच्या त्याच्या बांधावर
तोंड घालत.”

मग मी विचारलं
त्या अवतरणचिन्हांचं, जोडीजोडीनं उभ्या,
ज्यांच्या मधे काहीच नाही.
हे तरी चुकून राहिलं असेल?

ट्रॅक्टर बंद झाला.
“ते ज्याचा घड आज कापला नई, त्याच्यासाठी.
त्याच्यापुढे शून्य नको येऊ देऊ, पोरी.
शून्य म्हंजे मोजलं, आन् काई निंघालं नई.
हे म्हंजे
अजून मोजलं नई.”

दोन्ही खुटे पुन्हा ठोकले.
भाव जागेवर आला, झोपे आले, बोरोलेताई
अब्जांतून उतरून अठरा क्विंटलवर आल्या.
मधे मधे कोऱ्या चौकटी,
नावं तेवढी,
बागेत उभी असल्यासारखी.

खाते नंबरांच्या आधी
एकेक शेपटी लटकलेली दिसते, वरच्या बाजूला,
अर्ध्या अवतरणासारखी.
तिचा अर्थ कुणालाही विचारता येईल.
नाही विचारला.
उद्या दुपारी, जेवण झाल्यावर
अप्पांनाच लावते फोन.