डिंक

महाप्याच्या एमआयडीसीत, जिथं आधी रंगाची कंपनी होती
आणि अजूनही ओल धरली की भिंतीतून निळं पाझरतं,
तिथं मी माकडांना पळायला शिकवतो.

माकडं म्हणजे केवढी?
तूरडाळीच्या पाव किलोच्या पुडीएवढी.
कानांवर कापसाची झुलपं,
नखं मात्र खारीची.

पहिला आठवडा चाक नुसतं ठेवलं.
त्यांनी पाठ फिरवली,
जशी मी सोसायटीच्या जिमकडे फिरवतो.
मग चाकाला हात लागला की टिक्,
आणि काडीवर डिंक.
बाभळीचा. वाशीच्या मार्केटातून मीच निवडून आणतो.
वाण्याला वाटतं, घरात बाळंतीण आहे.
मी नाही म्हणत नाही.

उपासनी मॅडमचा नियम: नावं ठेवायची नाहीत, नंबर.
वहीत मी नंबरच लिहितो.
तोंडानं जवस म्हणतो.
जवस नऊ वर्षांची, म्हणजे त्यांच्यात माझ्याहून म्हातारी.
एक पाय आत टाकायची,
चाक हललं की मागं घ्यायची,
आणि माझ्याकडे असं बघायची की मीच ढकललं.

सातव्या आठवड्यात पळाली.
बेचाळीस फेऱ्या,
काचेच्या नळीत, कुठंच न पोचता,
डोळे माझ्यावर.
डिंकावर, खरं तर.
मी ४२ लिहिलं आणि आकडा दोनदा गिरवला.

दुपारी परीक्षा.
काल बेदाणा निळ्या झाकणाखाली होता, आज पिवळ्या.
पळणाऱ्याच्या जास्त लक्षात राहतं का,
एवढंच बघायचंय, मॅडम म्हणतात, पाच वर्षं लागतील.
पाच वर्षांत मी निवृत्त.
जवसचं मी विचारलं नाही.

समोरच्या पिंजऱ्यात सहा जण आहेत
ज्यांना चाक द्यायचं नाही.
तुलनेला.
त्यांची चूक काही नाही, चिठ्ठी तशी निघाली.
चाक फिरायला लागलं की सगळे जाळीपाशी येतात.
एकोणीस नंबर तर फांदीवर बसून
जागच्या जागी पाय हलवतो.
याला वहीत रकाना नाही.
शेऱ्यात मी लिहिलं: 'बघतो.'
वाटलं, खोडतील.
दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीनं बारीक:
'भोईर, किती वेळ?'

तेव्हापासून तेही मोजतो.

गुडघे माझेही वाजतात.
दवाखान्यात सांगितलंय, चाला.
सुटल्यावर रिक्षा सोडतो,
पारसिकचा डोंगर पाठीशी ठेवून घणसोलीकडे निघतो,
शर्टाच्या खिशात डिंकाचा उरलेला चुरा.
लगेच खायचा नाही.
तिसऱ्या खांबाला हात लावायचा,
आजूबाजूला कोणी नाही बघून
जिभेनं टिक् करायचं.

मग एक खडा.