चित्र क्रमांक एकतीस

इडवल पॅरी, वय एक्याऐंशी.
मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवा हात मांडीवर
दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा.
बेथेस्डाच्या खाणीत चाळीस वर्षं
त्यानं दगड सोलला, पापुद्रा पापुद्रा,
ज्या दगडाची छपरं होतात, आणि पाट्याही.

माझं काम सोपं. साठ चित्रं दाखवायची,
नाव विचारायचं, इंग्रजीत,
वीस सेकंद थांबायचं,
मग बरोबर किंवा चूक.
कंगवा. चूक.
शिडी. तो बोलला काहीतरी,
घशात खडी सरकावी तसं. चूक.
खिडकीबाहेर ऊन होतं, हे मुद्दाम सांगते,
बँगोरमध्ये ती बातमी असते.

एकतिसावं चित्र पावाचं.
तो म्हणाला, "बारा."
मी दचकले. सोळा वर्षांत या इमारतीत
मराठीत आकडा कुणी सांगितला नव्हता.
तो चित्रावर बोट आपटत होता, डाव्या हाताचं,
"बारा. बारा!"
चिडला होता.
मी फुली मारली.
शेऱ्यात लिहिलं: असंबद्ध ध्वनी.

संध्याकाळी दुकानात गेले, दूध आणायला.
पावांच्या फळीवर फलक, सोळा वर्षं बघते तोच,
वर एक शब्द, खाली ब्रेड.
वरचा मी कधी वाचलाच नव्हता.
डोळे सवयीनं थेट खालच्या ओळीत उतरायचे,
जिन्याला पहिली पायरी नसल्यासारखे.
बी. ए. आर. ए.
मागच्या बाईनं सॉरी म्हणत वाट काढली.

कोपरगावला आमची शाळा, नवीकोरी इंग्रजी मीडियम,
मराठी बोललं की आठ आणे.
पैसे गोळा करायचं काम माझ्याकडं,
कारण मी कधी सापडले नाही.
सुनेत्रा रोकडे जिन्यावरून पडली,
गुडघा फुटला, "आई गं" म्हणाली.
मी आठ आणे लिहून घेतले.
डबा बिस्किटांचा होता, निळा.
झाकण नीट बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मारेडला बोलावलं, रात्रपाळीची नर्स,
इडवलच्याच डोंगराकडची.
तिनं तीच चित्रं त्यांच्या वेल्शमध्ये विचारली.
साठपैकी एक्केचाळीस.
इंग्रजी तेवढी गेली होती.
आली होती तो सहा वर्षांचा असताना,
शाळेतून, पाहुणीसारखी, चपला न काढता,
आणि पंचाहत्तर वर्षं राहून
तशीच उठून गेली.

मग मारेड म्हणाली, मोजा.
ईन, दाइ, त्री, तो मोजत गेला,
सातापाशी थांबला, लाळ पुसली,
आणि पुढं कुठंतरी म्हणाला, "नाउ."
माझ्या तोंडून निघून गेलं, "नऊ."
त्यानं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच, बहुतेक.
"नाउ," म्हणाला, ओठ गोल करून, सावकाश,
मास्तर पोराला सांगतात तसं.
मी पुन्हा म्हटलं.
त्यानं मान हलवली. चूक.
पुन्हा.
चूक.

फॉर्मवर यासाठी रकाना नव्हता.
समासात चार ओळी लिहिल्या, फुली खोडली,
सही केली.
ओळी अर्थात इंग्रजीतच होत्या.

रविवारी बाबांचा फोन.
माझ्या फीसाठी त्यांनी लॅम्ब्रेटा विकली होती
आणि साखर कारखान्यात सायकलनं गेले, निवृत्त होईपर्यंत,
हे ते कधी बोलून दाखवत नाहीत,
आई दाखवते.
म्हणाले, तुझं बरं आहे, तिकडं सगळीकडं इंग्रजीच.
म्हटलं, बाबा, इथं पावाला बारा म्हणतात.

बराच वेळ नुसती खरखर.
मला वाटलं, लाइन गेली.

"बरं," ते म्हणाले,
"आणि तेराला?"