पुकारा

सीबीएसच्या कोर्टात मी पुकाऱ्याचा शिपाई.
नाव तीनदा घ्यायचं, तिसऱ्यांदा लांबवून,
म्हणजे खाली टपरीवर चहा घेणाऱ्यालाही
आपलं नाव जिना उतरून आलेलं कळावं.

मग कुलूप पडलं.
उघडलं त्या सकाळी कॉरिडॉरात चुन्याची वर्तुळं,
सहा सहा फुटांवर,
आणि एकातही कुणी उभं नाही.
तरी पुकारलं. नियम आहे.
मास्कातून नाव बाहेर पडेना,
ओठांशीच ओलं होऊन राहिलं.

आरोपी भिला सुकदेव वाघेरे.
मुद्देमाल: तांब्याचं घंगाळ, नग एक.
तांबट लेनमधून उचललं म्हणतात.
ज्याचं घंगाळ, तो केशव तांबट
पहिल्याच तारखेला वेळेआधी येऊन बसलेला.
मला म्हणाला, "हजार भांड्यांत ठेवा, माझे डोळे बांधा
आणि वाजवा.
माझ्या हातचा ठोका मला कळतो."
त्या दिवशी साहेब रजेवर.
पुढची तारीख मीच त्याच्या पाकिटावर लिहून दिली,
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची.

त्या पाडव्याचं तुम्हाला माहीतच आहे.

बोर्डावर नव्वद नावं, हात लागायचा सहा-सातांना,
तेही जामिनाचे अर्ज.
कपाटं भरली, मग कपाटांचे माथे,
मग साक्षीच्या पिंजऱ्यात बस्ते उभे राहिले
शपथ न घेता.

भिला यायचा पडद्यावर, नाशिकरोडच्या जेलातून,
कधी नुसतं कपाळ आणि मागची भिंत.
ओठ हलायचे.
साहेब म्हणायचे, आवाज येत नाही.
तोही बहुतेक तेच म्हणत असावा.
सोडायच्या यादीत त्याचं नाव होतं,
जामीन राहील असं माणूस नव्हतं.
वकीलबाई एकदा जिन्यात बोटं मोजत बोलल्या,
कबूल केलं असतं तर भोगून घरी गेला असता हो.

दोन वर्षांनी साक्ष लागली.
मी दारात उभा राहिलो. केशव तांबट.
केशव तांबट.
आतून बेंच क्लार्क म्हणाला, आडके, राहू द्या.
समन्स परत आलंय. मागे पोलिसाच्या अक्षरात
"मयत, दुसरी लाट. सून भेटली. दुकान बंद."
तिसरं नाव तोंडात तसंच राहिलं.

टेबलावर घंगाळ, हिरवं पडलेलं,
चिठ्ठीवरची शाई उडालेली.
साहेबांनी विचारलं, आता ओळखणार कोण?
सरकारी वकील फाईल चाळत राहिले.
पडद्यावर भिला पुढे वाकला,
घंगाळ बघायला की ऐकायला, कळलं नाही.

संध्याकाळी मुद्देमालाच्या खोलीत परत नेताना
माझी अंगठी काठाला लागली.
वाजलं.
लांबत गेलं, कॉरिडॉरभर,
पुसट वर्तुळांवरून,
जिना उतरून खाली टपरीपर्यंत.
चहावाल्यानं मान वर केली.

रोजनाम्यात तेवढं नाही.
रोजनाम्यात: साक्षीदार गैरहजर.
पुढील तारीख.